इंदूरचा आमदार वर कसा चढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पाच वर्षांनी, आणि मंत्रिमंडळ विस्ताराची कुणकुण लागली की मधूनसुद्धा, तेच प्रश्न पुन्हा येतात. काही पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांचे असतात. त्यांना भोपाळची विधानसभा म्हणजे मुंबईच्या विधानभवनाची हिंदी आवृत्ती वाटते. काही इंदूरच्याच रामबाग, लोकमान्य नगरातल्या मुलांचे, जी एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करताहेत. आणि बरेचसे अशा काकांचे, ज्यांनी पन्नास वर्षे मतदान केले, पण 'एवढ्या मतांनी निवडून आला तरी मंत्री का नाही झाला' हे त्यांना कुणी धड सांगितले नाही. ज्याला जेवढे हवे त्याने तेवढेच वाचावे. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. पुण्याचे लोक 'आमदार' म्हणतात, आम्ही 'विधायक'. पद एकच ना?

एकच. तिकडचा नगरसेवक तो आपला पार्षद, खासदार तो सांसद, विरोधी पक्षनेता तो नेता प्रतिपक्ष, प्रतोद तो सचेतक. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत दोन्ही चालते. आजी 'आपले आमदार' म्हणते आणि पुढच्याच वाक्यात 'विधायकजींचं पत्र आणलंस का?' असेही विचारते. इथे आम्ही मराठी शब्द वापरतो आहोत.

खरा फरक दुसराच आहे. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, मध्य प्रदेशात नाही. निवडणूक हरलेल्या किंवा न लढलेल्या नेत्याला परिषदेवर घेऊन मंत्री करण्याची सोय भोपाळमध्ये नाही. याचा चटका कसा बसतो ते प्रश्न ११ मध्ये दिसेल.

२. इंदूरचे आमदार एकूण किती?

जिल्ह्याचे नऊ. शहरात इंदूर-१ ते इंदूर-५, शिवाय राऊ, महू, देपालपूर आणि सांवेर. सांवेर अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. शहरात कुणी मतदारसंघाचे पूर्ण नाव घेत नाही. 'दोन नंबर', 'चार नंबर' एवढेच म्हणतात. गिरण्यांचा भाग, नंदानगर म्हणजे दोन नंबर. चार नंबरमध्ये १९९० पासून भाजप हरलेला नाही, म्हणून त्याला 'अयोध्या' म्हणायची पद्धत पडली.

राज्याच्या विधानसभेत २३० जागा आहेत, बहुमताला ११६ लागतात. २००० साली छत्तीसगड वेगळे होण्याआधी ३२० होत्या. २०१८ मध्ये इंदूर जिल्ह्याचा हिशेब भाजप पाच, काँग्रेस चार असा होता. २०२३ मध्ये नऊच्या नऊ भाजपचे.

३. आमदार व्हायचे तर सुरुवात नगरसेवकपदापासूनच करावी लागते का?

कायद्याने नाही. वय २५ पूर्ण, राज्यात कुठेही मतदार यादीत नाव आणि सर्वसाधारण जागेसाठी दहा हजारांची अनामत, एवढ्यावर अर्ज भरता येतो. पण इंदूरचा इतिहास पाहिला तर नगर निगम (महानगरपालिका) ही इथली तालीम आहे. कैलाश विजयवर्गीय १९८३ मध्ये नगरसेवक झाले आणि १९९० मध्ये चार नंबरमधून आमदार. सुमित्राताई महाजन १९८२ मध्ये नगरसेविका झाल्या, पुढे उपमहापौर, आणि १९८९ मध्ये थेट लोकसभेत, तेही प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्याला हरवून. मधली १९८५ ची विधानसभा त्या हरल्या होत्या, हे आज फारसे कुणाला आठवत नाही.

निगमात माणूस काय शिकतो? ड्रेनेजची लाइन कुठून जाते, कोणत्या गल्लीत किती मते, कोणत्या अधिकाऱ्याला फोन केला की टँकर येतो. दुसरी वाट विद्यार्थी संघटनेची: भाजपकडे विद्यार्थी परिषद आणि युवा मोर्चा, काँग्रेसकडे एनएसयूआय आणि युवक काँग्रेस. तिसरी वाट घराण्याची. तिच्यासाठी प्रश्न १६.

४. तिकीट नेमके कोण देते? स्थानिक कार्यकर्ते निवडतात का?

कार्यकर्ते नावे सुचवतात, गोंधळ घालतात, नाराज होतात, निवडत नाहीत. भाजपमध्ये प्रदेशाकडून नावांचे पॅनेल जाते आणि शिक्का दिल्लीची केंद्रीय निवडणूक समिती मारते. काँग्रेसमध्ये छाननी समिती आणि तिच्यावर तशीच केंद्रीय समिती. मधल्या काळात सर्व्हे होतात, संघटनेचे अहवाल जातात, जातीची गणिते मांडली जातात.

तिकिटाच्या मोसमात जावरा कंपाउंडच्या भाजप कार्यालयाबाहेर किंवा काँग्रेसच्या गांधी भवनाबाहेर अर्धा तास उभे राहून पाहा. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. तिच्यात बायोडाटा, २५ वर्षांपूर्वीच्या आंदोलनाचे पिवळे पडलेले कात्रण, एखाद्या मोठ्या नेत्याबरोबरचा फोटो आणि समाजाच्या पंचांच्या सह्यांचे पत्र. ज्याला तिकीट मिळणार असते तो सहसा तिथे नसतो.

२०२३ चे उदाहरण ताजे आहे. भाजपने निवडणूक जाहीर होण्याआधीच, ऑगस्टमध्ये ३९ नावांची पहिली यादी काढली. सप्टेंबरच्या दुसऱ्या यादीत सात खासदार होते, त्यांत तीन केंद्रीय मंत्री, आणि इंदूर-१ साठी राष्ट्रीय महासचिव असलेले विजयवर्गीय. आपल्याला लढायची इच्छा नव्हती, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. म्हणजे मागणाऱ्याला मिळत नाही आणि न मागणाऱ्याच्या गळ्यात पडते, असाही हा प्रकार आहे.

५. 'बी फॉर्म' म्हणजे काय? तो हातात आला की तिकीट पक्के ना?

तिकीट म्हणजे कागदोपत्री बी फॉर्मच. ए फॉर्मवर पक्ष निवडणूक अधिकाऱ्यांना कळवतो की उमेदवार ठरवायचा अधिकार कुणाच्या सहीला आहे. बी फॉर्मवर त्या सहीने उमेदवाराचे नाव येते. सही शाईचीच लागते, छापील चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हे कागद पोचले नाहीत, तर पक्षाचे चिन्ह गेले.

पक्के मात्र काहीच नसते. २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने माघारीच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, अर्ज मागे घेतला. बी फॉर्मवर पर्यायी नाव लिहायची सोय असते आणि ते लिहिलेही होते, पण त्या पर्यायी उमेदवाराचा अर्ज छाननीत आधीच बाद झाला होता. परिणाम असा की पक्षाचे चिन्हच मतदान यंत्रावर नव्हते. 'नोटा'ला २,१८,६७४ मते पडली आणि शंकर लालवानी ११ लाख ७५ हजारांवर मताधिक्याने जिंकले. लोकसभेची गोष्ट असली तरी फॉर्मचे नियम विधानसभेलाही तेच आहेत. तेव्हापासून पर्यायी उमेदवाराचा अर्ज वकिलाकडून तपासून घ्यायची अक्कल इथल्या प्रत्येक पक्षाला आली असेल, अशी आशा करू या.

६. पहिल्यांदा निवडून आलेला आमदार विधानसभेत करतो काय? तो तर बोलताना दिसत नाही.

बोलायची पाळी कमी येते हे खरे. अधिवेशने थोड्या दिवसांची, आणि तीही गोंधळात लवकर गुंडाळली जातात. पण लेखी कामाला जागा असते. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचे उत्तर फक्त कागदावर येते. शिवाय ध्यानाकर्षण (महाराष्ट्रात त्याला लक्षवेधी म्हणतात), शून्यकाळाच्या सूचना आणि समित्या. समितीचे काम कॅमेऱ्यापुढे नसते, म्हणून मतदाराला दिसत नाही, पण पक्षाला दिसते. लोकलेखा समितीत हिशेब वाचायला शिकलेला आमदार पुढे मंत्री झाला की सचिवाच्या फाइलला घाबरत नाही. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे, म्हणून विरोधकांच्या बाजूने ते मानाचे पद.

७. प्रतोद मोठा असतो का? नाव तर फारसे ऐकू येत नाही.

नवख्या आमदाराला मिळू शकणारी ही पहिली अंतर्गत जबाबदारी. कोण कुठे आहे, कोण दवाखान्यात आहे, कोण रुसून घरी बसला आहे आणि मतदानाला किती डोकी भरतील, हे प्रतोदाला पाठ असावे लागते. तो काढतो त्या पक्षादेशाला व्हिप म्हणतात. तीन ओळींचा व्हिप म्हणजे हजर राहा आणि सांगितले तसेच मत द्या. मोडला तर घटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी कायदा) आमदारकी जाऊ शकते.

प्रतोद नेमायचा अधिकार आमदारांच्या गटाचा की मूळ पक्षाचा, यावर महाराष्ट्रातच मोठी लढाई झाली. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. निकाल मुंबईच्या भांडणाचा, पण लागू भोपाळलाही.

८. आमचा आमदार प्रचंड मताधिक्याने येतो. मग मंत्री का होत नाही?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा दोन नंबरमधून आलेला. रमेश मेंदोला तिथून २००८ पासून निवडून येत आहेत. २०१३ मध्ये ९१,०१७ चे मताधिक्य, २०१८ मध्ये ७१,०११, २०२३ मध्ये १,०७,०४७. हा शेवटचा आकडा त्या निवडणुकीत राज्यात सर्वांत मोठा होता, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मताधिक्यापेक्षाही मोठा. तरी डिसेंबर २०२३ च्या मंत्रिमंडळात इंदूरहून दोनच नावे आली: कैलाश विजयवर्गीय आणि तुलसी सिलावट.

आमचे उत्तर काकांना आवडत नाही, पण ते असे आहे. मोठे मताधिक्य पक्षाच्या दृष्टीने 'ही जागा सुरक्षित आहे' एवढेच सांगते. सुरक्षित जागेवर मंत्रिपद खर्च करायची पक्षाला घाई नसते. मंत्रिपद जाते तिथे, जिथे काहीतरी सांभाळायचे असते: एखादा समाज, एखादा भाग, एखादा गट, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला दिलेला शब्द. सिलावट यांचे मंत्रिपद २०२० च्या सत्तांतराशी जोडलेले आहे (प्रश्न १५). विजयवर्गीय राष्ट्रीय पातळीवरून खाली उतरवून आणलेले, त्यांना रिकामे कसे ठेवणार? एका शहराला तिसरे पद देणे म्हणजे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याच्या ताटातले काढणे. शेजारच्या उज्जैनला तर मुख्यमंत्रिपदच गेलेले होते. अशा वेळी लाखाचे मताधिक्य घेऊन माणूस रांगेत उभाच राहतो, आणि रांग मताधिक्याप्रमाणे लावलेली नसते.

९. मंत्री जास्त केले तर काय बिघडते? करा की सगळ्यांना खूश.

घटना करू देत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. २३० चे १५ टक्के म्हणजे साडेचौतीस. हा अर्धा मंत्री कोण, यावर आमच्या चहाच्या टपरीवर बरीच नावे निघतात. मग उरलेल्यांची सोय निगम-मंडळांच्या (महाराष्ट्रातली महामंडळे) अध्यक्षपदांवर होते.

१०. मुख्यमंत्र्यांना आमदारच निवडतात ना? मग नाव ऐकून आमदारच चकित का होतात?

घटनेप्रमाणे राज्यपाल बहुमताच्या नेत्याला बोलावतात आणि तो नेता विधिमंडळ पक्ष निवडतो. व्यवहारात दिल्लीहून निरीक्षक येतात, बैठक बसते, कुणीतरी नाव सुचवते, कुणीतरी अनुमोदन देते, टाळ्या. ११ डिसेंबर २०२३ ला भोपाळमध्ये मनोहरलाल खट्टर यांच्यासह तीन निरीक्षक आले होते. बैठकीआधी सगळ्या आमदारांचा सामूहिक फोटो निघाला, त्यात उज्जैन दक्षिणचे मोहन यादव मागच्या रांगेत होते. थोड्याच वेळात मावळते मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्यांचेच नाव सुचवले.

यादव तेव्हा आमदार म्हणून तिसऱ्यांदा आलेले होते. पहिल्यांदा २०१३ मध्ये. विद्यार्थी परिषद, उज्जैन विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद, २०२० पासून उच्च शिक्षण मंत्री, अशी सरळ चढण. त्यांच्याहून कितीतरी ज्येष्ठ मंडळी पुढच्या रांगेत बसली होती. तो फोटो मिळाला तर जपून ठेवा. या पानावरची निम्मी उत्तरे त्यात आहेत.

११. आमदार नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो का?

होऊ शकतो, सहा महिने. कलम १६४(४). त्या मुदतीत निवडून आला नाही तर पद सोडावे लागते. परिषद नसल्यामुळे आपल्याकडे त्याला पोटनिवडणूकच लढवावी लागते. डिसेंबर २०१८ मध्ये कमलनाथ मुख्यमंत्री झाले तेव्हा ते आमदार नव्हते. पुढच्या वर्षी छिंदवाड्यातून निवडून आले.

इंदूरचे उदाहरण याहून मजेशीर. सांवेरचे तुलसी सिलावट यांनी मार्च २०२० मध्ये आमदारकी सोडली आणि २१ एप्रिलला नव्या सरकारात मंत्री झाले. कोरोनामुळे पोटनिवडणुका लांबल्या, मतदान ठरले ३ नोव्हेंबरला. सहा महिने मात्र ऑक्टोबरातच संपत होते. त्यामुळे ऐन प्रचारात, मतदानाला दोन आठवडे असताना, त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. निवडून आल्यावर जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा शपथ.

'सहा महिने संपताना एक दिवस राजीनामा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ' ही पळवाट चालत नाही. पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती २००१ मध्येच बंद केली.

१२. हरला की राजकारण संपले?

जीतू पटवारींना विचारा. २०१३ आणि २०१८ मध्ये राऊचे आमदार, कमलनाथ सरकारात मंत्री, २०२३ मध्ये राऊमधूनच पराभूत. निकालानंतर महिन्याच्या आतच काँग्रेसने त्यांना प्रदेशाध्यक्ष केले. विरोधी पक्षनेतेपद मात्र आमदारालाच मिळते, म्हणून ते गंधवानीचे उमंग सिंघार यांच्याकडे गेले. मतदारसंघाने घरी पाठवलेला माणूस पक्षाने राज्यभर फिरवला.

उलटही घडते. संजय शुक्ला इंदूर-१ चे काँग्रेस आमदार असतानाच २०२२ मध्ये महापौरपदासाठी उभे राहिले आणि पुष्यमित्र भार्गव यांच्याकडून हरले. पुढच्या वर्षी विधानसभाही गेली. आणि न हरताही थांबावे लागते: सुमित्राताई आठ वेळा लागोपाठ जिंकल्या, २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. २०१९ मध्ये पक्ष उमेदवारीचा निर्णय घेईना, तेव्हा आपण लढणार नाही असे पत्र त्यांनीच लिहून टाकले.

१३. पक्षाचे पद आणि सरकारातले पद एकाच वेळी ठेवता येते का?

कायद्याची आडकाठी नाही, पक्षाच्या रिवाजाची असते. 'एक व्यक्ती, एक पद' दोन्हीकडे म्हणतात. २०१५ मध्ये विजयवर्गीय भाजपचे राष्ट्रीय महासचिव झाले आणि राज्यातले मंत्रिपद त्यांनी सोडले. मग बरीच वर्षे बंगालची जबाबदारी. काँग्रेसमध्ये कमलनाथ मुख्यमंत्री आणि प्रदेशाध्यक्ष दोन्ही होते, आणि सरकार गेल्यावर काही काळ प्रदेशाध्यक्ष आणि विरोधी पक्षनेतेही.

१४. आमदार आणि महापौर? आमदार आणि खासदार?

पहिले चालते. विजयवर्गीय २००० मध्ये इंदूरचे थेट निवडून आलेले पहिले महापौर झाले तेव्हा आमदार होतेच. मालिनी गौड २०१५ ते २०२० महापौर आणि त्याच काळात चार नंबरच्या आमदार. शहराने स्वच्छतेत पहिला क्रमांक पहिल्यांदा काढला तो त्यांच्याच काळात, २०१७ मध्ये.

दुसरे चालत नाही. खासदार विधानसभेवर निवडून आला तर १४ दिवसांत आमदारकी सोडावी, नाहीतर संसदेतली जागा आपोआप रिकामी होते. म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये नरेंद्रसिंह तोमर, प्रल्हाद पटेल वगैरेंनी लोकसभेचे राजीनामे दिले.

१५. पक्ष बदलला तर आमदारकी जाते ना? मग २०२० मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेले बावीस जण कसे सुटले?

ते सुटले नाहीत, त्यांनी आमदारकी स्वतःच सोडली. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर 'फूट' म्हणून चालत असे, ती सवलत २००३ मध्ये गेली. आता दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरण असेल तरच संरक्षण. काँग्रेसकडे ११४ आमदार होते, म्हणजे ७६ लागले असते. तेवढे नव्हते. म्हणून दुसरी वाट निघाली: २२ जणांनी राजीनामे दिले, सभागृह लहान झाले, बहुमताचा आकडा खाली आला, २० मार्चला कमलनाथ यांनी राजीनामा दिला, २३ मार्चला शिवराजसिंह आले. राजीनामा दिलेला माणूस अपात्र ठरत नाही, तो नव्या चिन्हावर पुन्हा मतदारापुढे जातो. सांवेरकरांनी त्याच माणसाला दोन वर्षांत दोन वेगळ्या बटणांवर निवडून दिले.

नैतिक की अनैतिक, यावर पत्रे पाठवू नका. कायद्यात बसते, आवडत नाही म्हणणारे आम्हीही.

१६. नेत्याच्या मुलाला किंवा पत्नीला तिकीट मिळतेच का?

मिळते, पण सहसा घरात एकच. २०१८ मध्ये आकाश विजयवर्गीय इंदूर-३ मधून आमदार झाले, वडील तेव्हा लढले नाहीत. २०२३ मध्ये वडिलांना तिकीट मिळाले, मुलाला नाही. चार नंबरचे लक्ष्मणसिंह गौड मंत्री असताना २००८ मध्ये रस्ता अपघातात गेले. त्यानंतर पत्नी मालिनी गौड तिथून सतत निवडून येत आहेत. पहिले तिकीट सहानुभूतीचे म्हणता येईल, चौथे नाही.

१७. निवडणूक न लढवता पक्षात मोठे होता येते का?

भाजपमध्ये संघटन महामंत्री हे पद त्यासाठीच आहे. संघाचा प्रचारक, सहसा अविवाहित, कार्यालयातच मुक्काम. तिकिटाच्या पॅनेलवर त्याचे म्हणणे जड असते, आणि ज्या आमदाराला लाख मते पडतात तोही त्याच्या खोलीबाहेर चप्पल काढून बसतो. या परंपरेचा मूळपुरुष आपल्याच मुलखातला, मराठी: कुशाभाऊ ठाकरे. १९२२ मध्ये धारला जन्म, मध्य प्रदेशात जनसंघ आणि भाजपची बांधणी गावोगाव बसने, सायकलने फिरून केलेली, आणि १९९८ ते २००० पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष. खंडव्याहून एकदा लोकसभेत गेले, एवढीच सभागृहाची कारकीर्द. त्यांचे नाव शेवटच्या प्रश्नात पुन्हा येईल.

१८. होळकरांच्या इंदूरला मराठी आमदार का नाही?

२०२३ च्या नऊ जणांत मराठीभाषक एकही नाही, हे खरे. आपली वस्ती एका जागी उरली नाही, हे एक कारण. जुनी घरे रामबाग, नारायण बागेकडे, नवी पिढी पश्चिमेच्या वसाहतींत, मुले पुण्यात. प्रत्येक मतदारसंघात थोडे थोडे, निर्णायक कुठेच नाही. दुसरे कारण बोलायला कडू आहे: ताईंच्या तीस वर्षांत 'आपला माणूस आहेच दिल्लीत' म्हणून आपण निश्चिंत राहिलो आणि नगरसेवकाच्या पायरीवर नवी मुले उभी केली नाहीत. निगमात ८५ वॉर्ड आहेत. गणेशोत्सवाच्या मंडळात वर्गणीवरून जेवढे राजकारण होते, त्याच्या निम्मे वॉर्डात केले तरी चित्र बदलेल.

१९. आमदाराचे पत्र घेऊन गेले की काम होते का?

पत्रावर अवलंबून. माझा अनुभव सांगतो, नावे नकोत. गल्लीतल्या ड्रेनेजसाठी एका आमदारांच्या घरी सकाळी साडेआठला गेलो. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीस माणसे, कोपऱ्यात पोह्याचे पातेले, दोन फोन घेतलेला पीए. त्याने न विचारता पत्र छापले, शिक्का मारला: 'नियमानुसार उचित कार्यवाही करें'. कार्यालयातल्या बाबूने ते पाहिले, हसला आणि ट्रेमध्ये टाकले. नंतर कळले, 'नियमानुसार' म्हणजे 'आमचा आग्रह नाही'. आग्रह असेल तेव्हा फोन येतो, पत्र मागून जाते. तीन महिने चेंबर तुंबलेलाच होता. शेवटी काम केले ते वॉर्डातल्या एका कार्यकर्त्याने, ज्याला पुढल्या खेपेला नगरसेवक व्हायचे आहे. प्रश्न ३ मध्ये म्हटले ती तालीम हीच.

२०. आमदाराने खरेच काय केले, हे घरबसल्या कसे तपासायचे?

उमेदवारी अर्जासोबतचे फॉर्म २६ चे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. दोन निवडणुकांची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचा. एकट्यापेक्षा जोडीने ती जास्त बोलतात. गुन्हे प्रलंबित असतील तर उमेदवाराला ते प्रचारकाळात तीन वेळा जाहीर करावे लागतात, म्हणून मतदानाआधीच्या वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती सोडू नका. विधानसभेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरे मिळतात. आपल्या आमदाराने पाच वर्षांत कोणत्या खात्याला काय विचारले, हे तासाभरात काढता येते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यामुळे त्यांची यादी रिकामी दिसली तर कामचुकार समजू नये.

२१. मुलांना विधानसभा दाखवायची आहे. आत जाता येते का?

प्रेक्षक गॅलरीत पासावर जाता येते. पास सहसा आमदाराच्या शिफारशीने मिळतो, अधिवेशनाच्या दिवसांत आधीच सांगून ठेवा. फोन बाहेर ठेवावा लागतो, मुलांना हे घरीच सांगा. अरेरा टेकडीवरची सध्याची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखलेली, १९९६ पासून वापरात.

त्याआधी ४० वर्षे विधानसभा जुन्या मिंटो हॉलमध्ये भरत असे. वेळ असेल तर तीही वास्तू दाखवा, तलावाकडून सुंदर दिसते. राज्य बनल्यापासून कितीतरी मुख्यमंत्री तिथे शपथेनंतर पहिल्यांदा बोलले, कितीतरी आमदार मागच्या बाकावर बसून पुढे सरकण्याची वाट पाहत राहिले. २०२१ मध्ये तिचे नाव बदलले. आता फाटकावर कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव आहे.